'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या सिनेमात ली मूबाय आणि शू लिएन लग्न का करत नाहीत? आणि शेवटी जेन उडी का मारते?

तुम्ही विचारलंय की ली मूबाय आणि शू लिएन या दोघा तलवारबाजांचा एकमेकांवर जीव आहे, दोघंही चांगले जाणते आहेत, आईबाप आडवे येत नाहीत, पैशाची अडचण नाही, मग अडलंय कुठे? आणि इतका आटापिटा करून सुटलेली ती सरदाराची पोरगी जेन शेवटी डोंगरावरून उडी का टाकते?

अडलंय एका मेलेल्या माणसापाशी. तो पडद्यावर एकदाही दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा बघताना बऱ्याच जणांच्या हातून निसटतो. मंग सीझाओ त्याचं नाव. शू लिएनचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं आणि ली मूबायचा तो शपथेचा भाऊ होता. ली मूबायच्या एका शत्रूच्या तलवारीने तो मारला गेला. पुढे हे दोघं अनेक संकटांतून एकत्र गेले, जीव जडला. पण मूबायच्या दृष्टीने शू लिएन ही भावाची वाग्दत्ता, म्हणजे जवळजवळ वहिनीच. हे सगळं शू लिएन स्वतः जेनला एका प्रसंगात सांगते, अगदी शांतपणे, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. जेनला त्यात अडचण काय तेच कळत नाही. तो मेला यात तुमचा दोघांचा काय दोष, असं तिचं म्हणणं. तुमचाही प्रश्न तोच आहे, म्हणजे या बाबतीत तुम्ही जेनच्या बाजूचे.

आपल्याला हा हट्ट वाटतो, पण कथेचा काळ छिंग राजवटीचा आहे. त्या काळात नवऱ्यामागे पुन्हा लग्न न करणाऱ्या विधवांचा सरकार सन्मान करायचं, त्यांच्या नावाने दगडी कमानी उभ्या राहायच्या. एवढंच नव्हे, नुसतं लग्न ठरलेलं असताना मुलगा मेला आणि मुलीने दुसरीकडे लग्नाला नकार दिला, तर तिचाही असा गौरव होई. शू लिएन वडिलांची पेढी चालवते, मालाच्या तांड्यांना हत्यारी संरक्षण पुरवणारी. पुरुष तिचं ऐकतात, तिचा शब्द बाजारात चालतो. वरवर ती सिनेमातली सगळ्यात स्वतंत्र बाई. पण या तलवारबाजांच्या जगात सगळा व्यवहार शब्दावर आणि अब्रूवर चालतो. सरदाराच्या मुलीने नियम मोडला तर तिच्यामागे घराणं असतं. शू लिएनकडे तिच्या नावाशिवाय दुसरं काही नाही.

आता हे मनात ठेवून सुरुवात पुन्हा बघा. ली मूबाय वुडांगच्या, म्हणजे त्याच्या तलवारविद्येच्या मठाच्या, डोंगरावरची ध्यानधारणा अर्धवट सोडून खाली उतरलाय. ध्यानात तो अशा जागी पोचला की जिथे नुसता प्रकाश आणि शांतता होती, पण आनंदाऐवजी दुःखच दाटून आलं, असं तो तिला सांगतो. काहीतरी आहे जे सोडवत नाही, म्हणतो. ते काय, हे तो बोलत नाही आणि तीही खोदून विचारत नाही! पुढे वाटेवरच्या एका घरात चहा पिताना तो तिचा हात हातात घेऊन गालाला लावतो. मागच्या खिडकीतून हिरवा बांबू दिसतो. सगळ्या सिनेमात त्यांचा स्पर्श म्हणजे जवळजवळ एवढाच. मला विचाराल तर गच्च्यांवरच्या पाठलागापेक्षा हा प्रसंग भारी आहे.

आणि शेवटी गुहेत. विषारी सुई लागून ली मूबायच्या अंगात विष भिनतंय, शू लिएन म्हणते की उरलेला श्वास ध्यानात घाल, मुक्तीकडे जा. जन्मभर साधना केलेला माणूस तो शेवटचा श्वास तिच्यावर प्रेम होतं हे सांगण्यात घालवतो. तुझ्याविना स्वर्गात जाण्यापेक्षा भूत होऊन तुझ्या आसपास भटकेन, अशा अर्थाचं बोलतो. मंगला दिलेली निष्ठाही गेली आणि मोक्षही गेला. दोन्ही सोडायला त्याला मरणाच्या दारात यावं लागलं.

जेन याच्या बरोबर उलटी. तिला सगळं आत्ता हवं: तलवार हवी, वाळवंटातला तो लुटारू लो हवा, गुरू मात्र नको. दिग्दर्शक आंग ली याने १९९५ साली जेन ऑस्टेनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर सिनेमा केला होता. मन आवरणारी थोरली आणि मन उधळणारी धाकटी, ही जोडी तो तिथून इथे घेऊन आला असं मला कायम वाटतं. दोघींची अंगणातली लढाई म्हणजे त्यांचं भांडणच आहे. शू लिएन एकेक हत्यार उचलते, जेनच्या हातातली ग्रीन डेस्टिनी तलवार ते तोडते. मध्येच एक दांडा इतका जड निघतो की शू लिएनला तो पेलवतच नाही (इथे थिएटरमध्ये हमखास हशा पिकतो). शेवटी तुटक्या पात्याने ती जेनच्या गळ्याशी पोचते आणि थांबते. जेन थांबत नाही, तिच्या दंडावर वार करते.

जेनला चोरून विद्या शिकवणाऱ्या जेड फॉक्सकडेही नुसती खलनायिका म्हणून बघू नका. वुडांगचा गुरू तिला शय्येवर घ्यायला तयार होता, शिष्या करायला नाही. तिने त्याला विष घालून त्याचा विद्येचा ग्रंथ पळवला, पण तिला त्यातली अक्षरं लागेनात, ती चित्रं बघून शिकत राहिली. लहानग्या जेनला वाचता येत होतं आणि तिने ते लपवलं. शेवटची विषारी सुई खरी जेनसाठी होती. ती ली मूबायला लागली.

उडण्याबद्दल फार डोकं शिणवू नका. चिनी तलवारकथांमध्ये साधनेने शरीर हलकं होतं हे गृहीतच असतं. नट खरोखर तारांना लटकलेले होते. युएन वू-पिंगने त्या मारामाऱ्या बसवल्या, तारा नंतर संगणकावर पुसल्या.

आता उडी. लोने वाळवंटात जेनला एक दंतकथा सांगितलेली असते: आईबाप आजारी म्हणून एक तरुण डोंगरावरून उडी टाकतो, त्याला काही होत नाही, तो तरंगत दूर जातो आणि परत येत नाही, पण इच्छा पूर्ण होते. जेन शेवटी लोला इच्छा मागायला सांगते. तो म्हणतो, वाळवंटात परत जाऊ, दोघं. मग ती उडी मारते. गंमत अशी की त्या कथेत इच्छा फळते, पण उडी मारणारा परतत नाही. त्यामुळे लोची इच्छा पुरी होणार कशी? माझ्या मते ती लोसाठी उडी मारतच नाही. तिच्यासाठी आलेली सुई दुसऱ्याला लागली, उतारा घेऊन ती उशिरा पोचली, आणि शू लिएनने मानेवर आणलेली तलवार आवरून तिला सोडून दिलं. शिक्षा कोणीच केली नाही, म्हणून तिने ती स्वतः घेतली.

मूळ कादंबरीत मात्र वेगळं आहे. ती वांग दूलू यांनी १९४०च्या दशकात लिहिली, पाच कादंबऱ्यांच्या मालेतली चौथी. तिथे ही मुलगी आजारी वडिलांसाठी केलेला नवस फेडायला म्हणून कड्यावरून उडी टाकते, पण ती मेल्याचं सोंग असतं. त्यानंतर ती प्रियकराबरोबर एक रात्र काढते आणि निघून जाते. पुढच्या कादंबरीत ती आई झालेली भेटते. आंग लीने क्रम उलटा केला: आधी रात्र, मग उडी, आणि ती वाचली की नाही हे दाखवायच्या आत सिनेमा संपवला.

तुम्ही डब केलेला पाहिला असेल तर एकदा मूळ मँडरिनमध्ये सबटायटल लावून बघा. हाँगकाँगचा चाऊ युन-फॅट आणि मलेशियाची मिशेल यो यांचे उच्चार ऐकून चीनमधल्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली होती, पण आपल्याला ते कळणार नाही. कळेल ते दोन वाक्यांमधलं त्यांचं थांबणं, जे डबिंगवाले भरून टाकतात.