कॉलेजात इतिहास शिकवताना चित्रं, नकाशे, टेक्नॉलॉजी वापरून खरंच फरक पडतो का? कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

फरक पडतो, शंभर टक्के पडतो. सॉफ्टवेअरचं नंतर बघू, कारण यावरून माझं एका सीनियर सहकाऱ्याशी कित्येकदा वाजलंय. त्यांचं म्हणणं, चित्रं दाखवणं शाळेतल्या पोरांसाठी, बीएच्या वर्गात पोर्शन संपवायचा असतो.

मी गोव्यात शिकवतो. पोरं लहानपणापासून ओल्ड गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, जाऊन आलेली, पण त्यांच्या लेखी तिथे चर्च सोडून कधी काही नव्हतंच. म्हणून मी लिन्शोटेनचं तिथल्याच जुन्या बाजाराचं चित्र पडद्यावर लावलं. हा डच माणूस १५८३ ला गोव्यात आला, आर्चबिशपकडे कारकुनी करत काही वर्षं राहिला आणि १५९६ ला त्याचं पुस्तक निघालं, त्यातलं हे चित्र. मी एवढंच म्हटलं, दिसतं ते सांगा. आधी घोडा, मग पालखी, मग सत्तरी तालुक्यातली एक पोरगी म्हणाली, सर, छत्री धरलीय तो स्वतः उन्हातच चाललाय. मग झूम करत गेलो. ही गर्दी कसली? लिलावाची. लिन्शोटेन स्वतःच लिहितो की इथे रोज सकाळी घोड्यांबरोबर, मालाबरोबर गुलामही विकायचे. पुढचे प्रश्न पोरांनीच विचारले, ही माणसं आणली कुठून, मोझांबिकहून का, विकत कोण घ्यायचं. गुलामगिरीवरचं माझं तयार लेक्चर तसंच राहिलं. शेवटी त्यांना सांगितलं की तांब्याच्या पत्र्यावर हे कोरलं हॉलंडातल्या कारागिरांनी, मग यात डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि मनाचं किती? त्यावर जी भांडणं झाली तो माझ्या मते खरा इतिहासाचा तास. कोपऱ्यात चित्र चिकटवलेली स्लाइड लावून वरून नोट्स वाचणं म्हणजे नुसती सजावट, आणि ते सहकारी आता नेमकं तेच करतात आणि त्याला आयसीटी, म्हणजे शिकवण्यात माहिती तंत्रज्ञानाचा वापर, म्हणतात.

पोर्शनचं म्हणाल तर संपतो. नोट्स डिक्टेट करणं बंद करा, वेळच वेळ मिळतो.

सॉफ्टवेअर म्हणाल तर गूगल अर्थ प्रो फुकट आहे. त्यात इमेज ओव्हरले करून लिन्शोटेनचाच गोवा शहराचा नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर टाका आणि पारदर्शक करत न्या. तो नीट बसत नाही, आणि का बसत नाही हाच प्रश्न वर्गाला घाला. ओल्ड गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरची पोरं असतील तर नदी आणि फेरीचा धक्का तीच शोधून देतात. फाइल मात्र आधीच मोठ्या साइजमध्ये डाउनलोड करून ठेवा, वर्गातल्या नेटवर अवलंबून राहू नका.

हां, सगळ्यालाच हे चालत नाही. गांवकरीची (गावाच्या सामायिक मालकीची) जमीन, फोरो म्हणजे जमिनीचा खंड, कर असले विषय चित्रातून कळत नाहीत, तिथे कागदच वाचावा लागतो. आणि प्रोजेक्टर नसेल तर अडून बसू नका, ए-थ्री झेरॉक्स काढून बाकाबाकावर द्या, मूळ छपाई काळ्या रेघांचीच आहे, रंगीत प्रिंटची गरज नाही.