कॉइलची तार निवडताना केवळ ओहम पाहून चालत नाही

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही इंग्लंडमध्ये शिकत आहात आणि १ जून २०२५ पासून तिथे एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आल्यामुळे हाताने गुंडाळायच्या कॉइलकडे, म्हणजे व्हेपमधल्या द्रवाची वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याकडे, वळला आहात. कँथल, नायक्रोम, स्टेनलेस आणि टायटॅनियम यांपैकी कोणती तार घ्यावी, तो द्रव तारेपर्यंत आणणारी वात कशाची करावी, आणि ‘एक ओहम भरला की तार कोणतीही चालते’ (ओहम हे तारेच्या रोधाचे, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) हे तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी व्हेप कधी ओढलेले नाही. परंतु नागपुरात हिंगणा एमआयडीसीमध्ये भट्ट्यांची आणि शेगड्यांची एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या तारा, गुंडाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. तुमच्या मित्राचे म्हणणे साफ चुकीचे आहे.

आधी धातूचे सांगतो. नव्याने शिकणाऱ्याने कँथल ए-१ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंड, सुमारे २२ टक्के क्रोमियम आणि सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू तापला की त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घट्ट करडा थर बसतो आणि तोच तारेचे रक्षण करतो. नायक्रोम, म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम, ही वळवायला मऊ असते. मात्र खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांनी निकेलच्या वाटेला जाऊ नये. स्टेनलेस ३१६ एलचा रोध तापमानाबरोबर वाढतो, म्हणून तापमान नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर ती उपयोगी पडते, तर कँथल आणि नायक्रोम यांचा रोध जवळजवळ स्थिर राहत असल्याने त्या कामासाठी त्या निरुपयोगी आहेत. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम या तारा कोरड्या असताना लाल करू नयेत. टायटॅनियमवर पांढरी भुकटी धरते आणि ती थेट तुमच्या श्वासाच्या मार्गात असते. कँथल ठिसूळ असते असे कारागीर म्हणतात आणि एकदा लाल झाल्यावर ती वाकवली तर तुटते हे खरेही आहे, पण बसवलेली कॉइल पुन्हा वाकवायची गरजच काय?

आता ओहमविषयी. मी ज्या कारखान्यात होतो तिथे कोळसा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेची मफल भट्टी (तारेने तापणारी बंद कोठी, म्हणजे मफल, असलेली विजेची भट्टी) पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येत असे. कोळशातील राख ८१५ अंश सेल्सिअसला आणि उडून जाणारा भाग ९०० अंशांना काढतात. ८०-२० नायक्रोम हवेत १,२०० अंशांपर्यंत टिकते, म्हणजे तिच्यासाठी हे काम मुळीच अवघड नव्हते. तरीही एलिमेंट जळायचे आणि आमच्या मालकांचे उत्तर ठरलेले असायचे : ‘त्यांच्याकडे व्होल्टेज जास्त येत असेल.’ एकदा मी ती भट्टी स्वतः उघडली. मफलच्या खाचांमधून तारेचे वेढे लोंबून एकमेकांना चिकटले होते, तारेवरून हिरवट-काळे पापुद्रे सुटत होते आणि जिथे ती तुटली होती तिथे वितळलेल्या धातूचा मोहरीएवढा थेंब गोठला होता. टर्मिनलच्या बोल्टखाली मात्र भट्टीबरोबर आलेल्या मूळ तारेचा एक तुकडा अजून अडकलेला होता. त्याला मायक्रोमीटर लावला तेव्हा ती तार १८ गेजची, १.२२ मिलिमीटर जाडीची निघाली. आमची होती २० गेजची, ०.९१ मिलिमीटरची.

दोन्हींचा रोध सारखाच होता : साडेसव्वीस ओहम, म्हणजे २३० व्होल्टवर २ किलोवॅट. परंतु तो रोध भरण्यासाठी १८ गेजची २८ मीटर तार लागते आणि २० गेजची अवघी १६ मीटर. तार वजनावर विकत घेतली जाते आणि बारीक तारेचे वजन जाड तारेच्या एक तृतीयांशही भरत नव्हते, यातच सगळे आले. तीच २ किलोवॅट उष्णता जाड तारेच्या दर चौरस सेंटिमीटरमधून १.८५ वॅटने बाहेर पडते, तर बारीक तारेच्या दर चौरस सेंटिमीटरला ४.४ वॅट बाहेर टाकावे लागतात. भट्टी ९०० अंशांवर दिसत असली तरी आतली बारीक तार त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. हा हिशेब मी कागदावर मांडून मालकांपुढे ठेवला. ‘मीटरवर ओहम बरोबर येतात ना? मग विषय संपला,’ असे म्हणून त्यांनी तो कागद परत केला आणि चारचौघांत मला ‘कागदी कारागीर’ म्हणून सुनावले. अखेर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी जास्तीचा खर्च द्यायची तयारी दाखवली, मी १८ गेजची तार गुंडाळून दिली आणि मी तिथे होतो तोवर ती भट्टी तारेसाठी परत आली नाही. मालकांनी त्याचे श्रेय सुधारलेल्या व्होल्टेजला दिले. गणित मात्र त्यांच्या बाजूने तेव्हाही नव्हते आणि आजही नाही : रोध तोच ठेवून जाडी बदलली, तर तारेचे बाहेरील क्षेत्रफळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

हाच नियम तुमच्या कॉइलला लावा. एक ओहमसाठी २८ एडब्ल्यूजीची (हे अमेरिकी गेजमाप) कँथल ५.६ सेंटिमीटर लागते आणि २४ एडब्ल्यूजीची १४ सेंटिमीटर. दुसरीचे क्षेत्रफळ पहिलीच्या चौपट भरते. १५ वॅट दिले तर पहिलीच्या दर चौरस सेंटिमीटरवर २६ वॅटचा भार येतो आणि दुसरीवर साडेसहा वॅटचा. भट्टीत २६ वॅटचा विचारही कोणी करणार नाही. इथे तो चालतो, कारण ओली वात तारेची उष्णता सतत ओढून घेत असते. वात सुकली की ती तत्काळ करपते. साडेसहा वॅटवर उलट वाफच नीट धरणार नाही. १५ ते २० वॅटच्या साध्या यंत्रासाठी २६ एडब्ल्यूजीची सुमारे ९ सेंटिमीटर तार मला योग्य वाटते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : आपल्याकडच्या दुकानात ‘२८ गेज’ म्हटले की एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजमाप, समजतात. ती तार ०.३८ मिलिमीटरची, तर एडब्ल्यूजीतली ०.३२ मिलिमीटरची असते. कँथलमध्ये पहिलीचा रोध मीटरला १३ ओहम आणि दुसरीचा १८ ओहम भरतो, म्हणून घरून कोणी तार पाठवली तर जाडी मोजूनच वापरा.

वात कापसाचीच करावी. काचेच्या किंवा सिलिकाच्या तंतूंची वात तापून ठिसूळ होते आणि तिचे तुकडे छातीत जावेत असे मला वाटत नाही. धातूच्या जाळीच्या वातीने शॉर्ट होण्याची धास्ती कायम राहते. परंतु आपल्या विदर्भातला शेतातून आलेला कापूस तसाच वापरू नका. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते. देवापुढच्या फुलवातीला त्याची अडचण होत नाही, कारण तेल मेणावरूनही चढते, पण ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण, म्हणजे व्हेपचा द्रव, त्यावर नीट चढत नाही. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस कॉस्टिक सोड्यात उकळून, मेण काढून तयार केलेला असतो, म्हणून तो चालतो. ग्लिसरीन २९० अंशांना उकळते आणि कापूस त्याआधीच करपू लागतो, तेव्हा कापूस दाबून भरू नका; तो कॉइलमधून किंचित अडत सरकला पाहिजे.

ओहम अजिबात पाहू नये असे मात्र मी म्हणत नाही. बॅटरीवर किती अँपिअर पडतील ते ओहमवरच ठरते : भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलवर एक ओहम लावला तर ४.२ अँपिअर, ०.२ ओहम लावला तर २१ अँपिअर. कॉइल बसवल्यावर बॅटरी जोडण्याआधी रोध मोजलाच पाहिजे. व्हेपच्या द्रवात कुठलेही खाद्यतेल किंवा तेलात विरघळणारे जीवनसत्त्व मिसळू नये. तुम्ही आधीपासून सिगारेट ओढत नसाल, तर निकोटिनची सवय लावून घेण्याचे काहीही कारण नाही. सुट्टीत नागपूरला येताना हे साहित्य सोबत आणू नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि साठवणुकीवर, तसेच आयातीवरही बंदी आहे आणि आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.