धोमच्या जलाशयात मुलांसाठी शिडाच्या बोटींची शर्यत घ्यायची आहे. पाणी आणि काठ न बिघडवता ती कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वाईजवळ धोम धरणाच्या पाण्यात दोन दिवसांची शर्यत घ्यायची आहे, साठेक शाळकरी मुलं असतील, ऑप्टिमिस्ट आणि लेझर या वर्गांच्या, म्हणजे एकेकट्याने चालवायच्या लहान शिडाच्या बोटी असतील. मी सांगलीचा, म्हणजे तुमच्याच नदीच्या खालच्या अंगाचा. धोममधून सुटलेलं पाणी वाई, माहुली, कराड करत आमच्या घाटाला लागतं, आणि आमच्या नळालाही कृष्णेचंच पाणी येतं. म्हणून हा प्रश्न मला आपल्या घरचा वाटतो आणि सविस्तर लिहितोय.

एक गैरसमज आधी काढून टाका. शीड वाऱ्यावर चालतं, म्हणून शर्यत आपोआप स्वच्छ होते असं नाही. ऑप्टिमिस्ट ही जेमतेम सव्वादोन मीटरची, पस्तीस किलोची बोट. तिच्याकडून पाण्याला काहीच त्रास नाही. त्रास होतो तो तिच्या मागच्या लवाजम्याचा: ट्रेलर, पालकांच्या गाड्या, रेस्क्यू बोटींची इंजिनं, जेवणाची पंगत, बॅनर, आणि दोनशे माणसांना दोन दिवस लागणारं शौचालय.

हे मी अनुभवावरून सांगतोय. आमच्याकडे कृष्णेत पावसाळ्यात वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होतात, आयर्विन पुलावर आणि घाटांवर माणूस मावत नाही. एका वर्षी व्यवस्थेत मी होतो. उन्हातान्हात कुणाला तहान लागू नये म्हणून आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके काठावर ठेवले आणि कचऱ्याच्या टोपल्या मात्र मंडपाजवळच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी हरिपूरच्या संगमाकडे गेलो तर काठाच्या झुडपांत त्याच बाटल्या अडकलेल्या. आम्ही चौघांनी दुपारपर्यंत गोळा केल्या. ज्या पुढे वाहून गेल्या त्या गेल्याच. २०१९ च्या पुरात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ते ओसरल्यावर झाडांच्या शेंड्यांना लटकलेलं प्लास्टिक ज्यांनी पाहिलंय, त्यांना नदीत टाकलेलं कुठे जातं हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या शर्यतीत बाटलीबंद पाणी मुळीच नको. नोंदणीच्या अर्जातच लिहा की प्रत्येकाने आपली बाटली आणायची, बोटीवर नेताना ती दोरीने बांधायची. काठावर वीस लिटरचे जार किंवा नळाची टाकी ठेवा. कागदी कपही नकोत, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. स्टीलचे पेले वाईत भांडी भाड्याने देणाऱ्याकडे मिळतील. जेवण गावातल्या बचत गटाला द्या. भाकरी, पिठलं, ठेचा, दही, ताटं स्टीलची. ताटं धुतलेलं पाणी जलाशयाकडे उतरू देऊ नका, शेतातल्या खड्ड्यात जिरवा. थर्माकोलच्या ताटवाट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या-चमचे तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदच आहेत, तरी मंडपवाला हळूच आणतो. त्याला आधी बजावून ठेवा.

आता इंजिनांचं. इथे मी एका बाबतीत ठाम आहे: पर्यावरणाच्या नावाखाली रेस्क्यू बोटी कमी करू नका. मुलं लहान आहेत, पाणी खोल आहे. बोटी पुरेशा ठेवा, पण टू-स्ट्रोक इंजिन घेऊ नका. जुन्या टू-स्ट्रोकमधून न जळलेलं पेट्रोल आणि तेल थेट पाण्यात जातं. फोर-स्ट्रोक घ्या आणि पेट्रोल भरण्याचं काम पाण्यापासून लांब, ताडपत्रीवर, फनेल लावून आणि शेजारी जुने सुती कपडे ठेवून करा. तरंगत्या बोटीत कॅनमधून ओतायचं नाही, हा नियम मोडणाऱ्याच्या हातून कॅन काढून घ्या. पेट्रोल वाचतं ते आखणीत. खोऱ्यातला वारा डोंगरामुळे सतत दिशा बदलतो, आणि वारा फिरला की मार्क, म्हणजे ज्यांना वळसा घालायचा ते तरंगते बोये, हलवावे लागतात. इथेच मोटरबोटी दिवसभर फेऱ्या मारतात. त्यापेक्षा मार्क हलवायला स्थानिक मच्छीमारांच्या वल्ह्यांच्या होड्या घ्या. त्यांना वारा कुठून वळतो, कुठे उथळ आहे, कुठे झाडांची बुंधं पाण्याखाली आहेत हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना दिवसाची रोजंदारी द्या, जाळी कुठे टाकलीत ते आधी विचारा आणि शर्यतीची रेषा त्या जागा सोडून आखा. जमलं तर सुरुवात काठावरूनच करा, म्हणजे एक बोट कमी लागेल.

भोंग्याचे गॅसचे डबेही घेऊ नका, ते एकदा संपले की फेकावे लागतात. शर्यतीच्या नियमांत वेळ झेंड्यावरून मोजतात: सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी बोटींच्या वर्गाचा झेंडा, चार मिनिटांना तयारीचा, एक मिनिटाला तो खाली, शून्याला सुरुवात. आवाज फक्त लक्ष वेधायला असतो. शिट्टी चालते, शंख तर फारच छान चालतो.

नियमांवरून आठवलं. आंतरराष्ट्रीय शर्यत नियमावलीतला ४७ क्रमांकाचा नियमच असा आहे की स्पर्धकाने किंवा त्याच्या मदतनिसांनी जाणूनबुजून पाण्यात कचरा टाकायचा नाही, आणि पाण्यावर असेपर्यंत तो सतत लागू असतो. तुमच्या सूचनापत्रात तो ठळक मराठीत लिहा आणि पहिल्या दिवशी मुलांना समजावून सांगा. मोठी माणसं ऐकतील न ऐकतील, मुलं ऐकतात. बोटीच्या खिळीला गुंडाळलेल्या चिकटपट्टीचे तुकडे आणि वारा कळावा म्हणून शिडावर लावलेले लोकरीचे धागेसुद्धा पाण्यात पडतात, तेही खिशात घालायला सांगा. सूचना छापून वाटू नका. काठावर एक फळा आणि व्हॉट्सॲपवर एक गट पुरतो.

बाहेरून येणाऱ्या बोटींबाबत फार जपायला हवं. पवई, हुसेन सागर अशा जलपर्णीच्या पाण्यातून कुणी बोट आणली तर सुकाणूच्या खाचेत किंवा ट्रेलरच्या चाकात अडकलेला जलपर्णीचा एक तुकडाही पुरे होतो. आमच्याकडे कृष्णेच्या संथ पाण्यात ती पसरली की काढता काढता दमछाक होते. त्यामुळे प्रत्येक बोट, ट्रेलर, दोऱ्या तपासा, नुसत्या पाण्याने काठापासून लांब धुवा, पूर्ण वाळवा, मगच पाण्यात सोडा. साबण नको. तळाला तांबेयुक्त रंग मारलेली बोट नाकारा. रोज पाण्याबाहेर काढल्या जाणाऱ्या बोटीला त्या रंगाची गरजच नसते. शक्यतो एखाद्या क्लबच्या बोटी एका ट्रेलरवर एकावर एक रचून आणा आणि पाळीपाळीने वापरा.

शौचालयावर कुणी बोलत नाही, पण सगळ्या यादीत मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोनशे माणसांपैकी तीस जण काठाच्या झाडीत गेले तर बाकी सगळी मेहनत वाया. फिरती शौचालयं मागवा, मुलींसाठी वेगळी, काठापासून चांगली लांब, आणि टाकी कुठे रिकामी होणार हे ठेकेदाराकडून लेखी घ्या.

तारीख नीट निवडा. पावसाळा संपल्यावर धरण भरलेलं असतं तेव्हा चिखल कमी आणि बोटी उतरवायला सोपं. मार्च ते मे टाळा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जागांवर नदी सुरय आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, तिथे गर्दी नको. परवानगीसाठी जलसंपदा विभागाकडे आधी जा. कुणी कोयनेचं नाव सुचवलं तर घाई करू नका. तिथला शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा, देखणा आहे, पण त्याचा बराच भाग अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे वन विभागाचे नियम लागतात, आणि गर्दीची शर्यत तिथे नसावी असंच माझं मत आहे.

उद्घाटनाला जलपूजन होणारच, व्हायलाही हवं. कृष्णामाईला ओटी भरा, पण हार आणि फुलं परातीत घेऊन परत आणा, नारळ प्रसादाला फोडा. बॅनर फ्लेक्सचा नको, कापडाचा शिवून घ्या आणि त्यावर साल लिहू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तोच चालेल. बक्षीस म्हणून एक फिरता चषक आणि मुलांना हळद, गूळ, बेदाणे द्या.

अमेरिकेतल्या सेलर्स फॉर द सी या संस्थेचा क्लीन रेगाटाज नावाचा कार्यक्रम आहे, त्यातली यादी चाळून पाहा. समुद्रासाठीच्या काही गोष्टी सोडल्या तर बरंच कामाचं आहे.

शेवटचं काम सोमवारी सकाळी. तरंगणारा कचरा वारा ज्या दिशेला वाहतो तिकडच्या काठाला जाऊन लागतो, तुमच्या मंडपाकडेच येईल असं नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी वारा कुठून कुठे वाहत होता ते लिहून ठेवा आणि तो जिकडे वाहत होता त्या काठावर सहा जण पोती घेऊन पाठवा. जे सापडेल ते वजन करून वहीत नोंदवा, त्याच पानावर दोन दिवसांत किती लिटर पेट्रोल लागलं तेही लिहा.