इंडियाना युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा २०२४ चा सीझन नवीन कोचमुळे भारी गेला की शेड्यूलच सोपं होतं?

दोन्ही, पण जास्त क्रेडिट कोचचंच. २०२३ ला ३-९ (३ विजय, ९ पराभव) असलेली टीम नवीन कोच कर्ट सिग्नेटी आल्यावर पहिल्याच वर्षी ११-२, आणि त्याआधी इंडियानाने एका सीझनमध्ये कधी १० मॅच जिंकल्याच नव्हत्या, मग नुसतं शेड्यूल शेड्यूल काय करायचं? त्याने जेम्स मॅडिसन या त्याच्या आधीच्या युनिव्हर्सिटीमधून स्वतःचे डझनभर प्लेयर सोबत आणले, क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा मुख्य प्लेयर) कर्टिस रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीतून घेतला, म्हणजे अर्धी टीमच नवीन. नेब्रास्काला ५६-७, पर्ड्यूला तर ६६-०, अक्षरशः धुतलं.

आता शेड्यूलवाल्यांचा मुद्दा, म्हणजे मोठ्या टीम समोर आल्या तिथे हरले. ओहायो स्टेटकडून ३८-१५ ने मार खाल्ला, तिथे पंटरच्या (लांब किक मारणाऱ्याच्या) हातून त्याच्याकडे मागे फेकलेला बॉल सुटला, वर किक मारलेला बॉल घेऊन समोरच्यांनी थेट टचडाऊन (गोल लाइनपार स्कोअर) केला, स्पेशल टीम्सनी म्हणजे किकच्या वेळी खेळणाऱ्या प्लेयर्सनी पार वाट लावली. प्लेऑफला (सीझननंतरच्या नॉकआउटला) नोत्र दाम विरुद्ध २७-१७ ने हरले, स्कोअर जवळचा दिसतो खरा, पण शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत २७-३ होतं, आणि त्यांचा जेरेमाया लव्ह बॉल घेऊन ९८ यार्ड पळाला तिथेच मॅच हातातून गेली. मोठ्या टीमसमोर लाइन (पुढे धडक घेणारे प्लेयर) कमी पडली, बस एवढंच, बाकी मिशिगनला २०-१५ हरवलं ते कोणी बोलतच नाही.