चक्कर नेमकी किती जणांना येते?

प्रश्न : आईचं वय ६४. कूस बदलली की तिला खोली गरगर फिरल्यासारखी वाटते, अर्ध्या मिनिटात थांबते. ऐकू नीट येतं. कानामुळे तोल जाण्याचा आजार तिघांत एकाला असतो असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे हजारात दोघांना. खरं काय?

उत्तर : दोन्ही आकडे खरे, पण मोजलेली गोष्ट वेगळी. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत चाळिशीपुढच्या लोकांना फोमच्या गादीवर डोळे मिटून उभं केलं. ज्यांचा तोल गेला ते ३५ टक्के. चक्कर कधीच न आलेलेही त्यात धरले गेले, म्हणून या आकड्याने घाबरू नका. हजारात दोन हा अंदाज मेनिएर या आजाराचा. त्यात चक्कर २० मिनिटं ते १२ तास टिकते, कान वाजतो, दडे बसतात, ऐकू कमी येतं. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) न काढताच निदान केलं तर हा आकडा उगीच फुगतो.

आईची लक्षणं तिसऱ्याच, बीपीपीव्ही नावाच्या आजाराची वाटतात. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते सरकतात आणि आतला द्रव ढवळतो. जर्मनीतल्या पाहणीत साठीपुढच्या ३.४ टक्के लोकांना वर्षभरात हा त्रास झाला होता, म्हणजे साधारण तिसांत एकाला. बायकांत प्रमाण जास्त. आपल्याकडे मात्र याचं खापर मानेच्या मणक्यावर फुटतं, पट्टा बांधला जातो आणि चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. गोळीने कण जागेवर जात नाहीत.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून डिक्स-हॉलपाइक चाचणी करून घ्या. डोकं वळवून झटकन आडवं केल्यावर बुबुळं कशी थरथरतात, यावरून कोणता कान ते कळतं. उजवा असेल तर कण पुन्हा जागेवर नेण्याची एपली पद्धत अशी : डोकं ४५ अंश उजवीकडे वळवून मागे आडवं व्हायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं. मग ते ९० अंश डावीकडे. मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत चक्कर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद, थांबायचं. कान चुकला किंवा घाई झाली तर कण नळीतच राहतात. मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

चक्करेसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तडक रुग्णालय गाठा.