काच जाड केली, तरी आवाज आत कसा येतो?

बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि खानापूर भागातील वाचकांनी ऑफिस, लॉज, पतसंस्था, क्लास आणि वर्कशॉपमधल्या आवाजाविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बेळगावात कॉलेज रोडवर पहिल्या मजल्यावर आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. रस्त्याकडे चार बाय पाच फुटांच्या तीन अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आहेत, काच ५ मि.मी. हॉर्नमुळे फोनवर बोलणं मुश्कील होतं. फॅब्रिकेटर म्हणतो, त्याच फ्रेममध्ये १२ मि.मी. काच घाला, आवाज बंद होईल. घालावी का?

उत्तर : घालू नका. तुमच्या खिडकीत आवाज काचेतून कमी आणि फटींतून जास्त येतो आहे. स्लायडिंगचे पल्ले सरकायचे तर ट्रॅकमध्ये मोकळी जागा ठेवावीच लागते, आणि तिथे लावलेला केसाळ ब्रश धूळ अडवतो, आवाज नाही. हिशेब करून बघा. खिडकीचा घेर १८ फूट, मधल्या जोडाचे ५ फूट, मिळून २३ फूट. एवढ्या लांबीला सरासरी अडीच मि.मी. फट धरली, तर ती खिडकीच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ १ टक्का भरते. आणि १ टक्का भाग उघडा असला की ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही. मग आत ३० डेसिबल अडवणारी काच बसवा की ४० डेसिबलची, फरक अर्ध्या डेसिबलचा पडेल. तो कानाला कळतही नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा. दोन इंची मास्किंग टेप आणून एका खिडकीच्या सगळ्या फटी, मधला जोड, खालचा ट्रॅक आणि पाणी जायची भोकं आतून बंद करा. गर्दीच्या वेळी त्या खिडकीजवळ उभे राहा, मग टेप न लावलेल्या खिडकीजवळ. फरक स्पष्ट जाणवला, तर काचेआधी खिडकीचा प्रकार बदलायला हवा. (चाचणी झाली की टेप काढा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येईल.)

खिडकी दारासारखी उघडणारी घ्या. पल्ला बंद होताना रबरावर दाबला जातो, म्हणून ती घट्ट बसते. ईपीडीएम रबराच्या दोन रांगा आणि पल्ल्याला दोन-तीन ठिकाणी पकडणारं लॉक मागा. मधल्या एकाच हँडलवर पल्ल्याचे कोपरे सुटे राहतात. रबर कोपऱ्यात ४५ अंशांत कापून चिकटवायला सांगा. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट उघडते, म्हणून ते मापापेक्षा किंचित लांबच कापलं पाहिजे.

फ्रेम आणि भिंत यांच्यातली जागा हे दुसरं चोरदार. बहुतेक ठिकाणी तिथे वरून सिलिकॉनची एक रेघ ओढलेली असते आणि आत पोकळी. गिलाव्याचा चुरा काढून त्यात फोमची दोरी दाबून बसवा आणि तिच्यावर सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी.

आता काच. ५ मि.मी. साधी काच सुमारे ३० डेसिबल अडवते, १२ मि.मी. सुमारे ३४. वजन दुपटीहून जास्त, फायदा फक्त चार. प्रत्येक काच एका ठरावीक कंपनाला स्वतःच थरथरते आणि तो आवाज पलीकडे सोडते. १२,००० ला जाडीने भागा, साधारण तो आकडा मिळतो : ६ मि.मी.ला २,००० हर्ट्झ, १२ मि.मी.ला १,००० हर्ट्झ. म्हणजे काच जाड केली की तिची ही कमजोर जागा माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात आणखी खाली सरकते. अकूस्टिक लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लास्टिकचा असा थर असतो, ज्याचा गाभा मऊ असतो आणि ही थरथर जिरवतो. ४ अधिक ०.७६ अधिक ४, म्हणजे ८.७६ मि.मी.ची अशी काच सुमारे ३७ डेसिबल अडवते. वजन चौरस मीटरला वीस-एकवीस किलो, १२ मि.मी.चं तीस. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे धरून हिशेब मांडा.

प्रश्न : निपाणीजवळ तवंदी घाटाच्या बाजूला महामार्गावर आमचं लॉज आहे. पुढच्या आठ खोल्यांना डबल ग्लास बसवली : ६ मि.मी. काच, १२ मि.मी. पोकळी, ६ मि.मी. काच. हॉर्न कमी झाला, पण रात्री घाट चढणाऱ्या ट्रकची घरघर तशीच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, उलट जास्त घुमते. काच खराब निघाली का?

उत्तर : काच खराब नाही, तिची रचना या आवाजासाठी चुकली आहे. दोन काचांमधली हवा स्प्रिंगसारखं काम करते. तुमच्या मापाच्या काचेत हा स्प्रिंग २०० हर्ट्झच्या आसपास जोरात हलतो, आणि खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या डिझेल इंजिनाचा बराच आवाज याच खालच्या पट्ट्यात असतो. वरच्या पट्टीतला हॉर्न अडतो, घरघर आरपार जाते. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्याने दोघींची कमजोर जागाही एकच. पोकळीत आर्गॉन वायू भरून उन्हाळ्यात थोडा फायदा होईल, आवाजात नाही.

आहे ती खिडकी काढायची गरज नाही. तिच्या आतल्या बाजूला १०० मि.मी. अंतर सोडून ८.७६ मि.मी. अकूस्टिक काचेची दुसरी खिडकी लावा. पोकळी एवढी वाढली की स्प्रिंगचं कंपन ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत खाली जातं. नऊ इंची भिंतीत ही जागा मिळते. दुसरी फ्रेम जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रू करू नका, भिंतीत पकडा. दोन फ्रेमा धातूने जोडल्या की आवाज काच सोडून तिथून चालत येतो. दोन खिडक्यांमधल्या भिंतीच्या कडांना २५ मि.मी. रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) कापडात गुंडाळून लावा. आतला पल्ला पूर्ण घट्ट हवा, पण साफसफाईसाठी उघडता यायला हवा. बाहेरच्या खिडकीची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. ती बुजवली तर जून ते सप्टेंबरमध्ये पोकळीतल्या काचेवर दव धरेल आणि कडेला बुरशी येईल. गडद पडदा किंवा ब्लाइंड पोकळीत टांगू नका. पश्चिमेच्या उन्हात तिथे उष्णता कोंडते आणि काच कडेपासून तडकते.

आणि खोल्यांच्या बाथरूमचं जाळीचं व्हेंटिलेटर महामार्गाकडे आहे का, ते आधी बघा. तसं असेल तर खिडकीवरचा खर्च त्या एका झरोक्यातून वाहून जाईल.

पुढच्या खोल्यांसाठी नवी काच मागवताना एकच आकडा बघू नका. काच किती डेसिबल अडवते, ते कोटेशनमध्ये ३८ (उणे २, उणे ६) असं लिहिलेलं असतं. रस्त्याच्या आवाजासाठी दुसरा उणे आकडा धरायचा : ३८ मधून ६ गेले, उरले ३२. तुमच्या उपयोगाचा आकडा तो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे व्यापारी भागात रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या वातावरणाची. खोलीत झोप लागायला ३०-३५ च्या आसपास उतरावं लागतं.

प्रश्न : काचेवर चिकटवायची 'साऊंडप्रूफ फिल्म' मिळते. दुकानाच्या शोकेसला लावावी का?

उत्तर : आवाजासाठी नको. फिल्मला वजनच नाही. ऊन आणि फुटलेल्या काचेचे तुकडे यांसाठी तिचा उपयोग आहे.

प्रश्न : चिकोडीत आमच्या पतसंस्थेत मॅनेजरच्या केबिनला १२ मि.मी. टफन काचेचं पार्टिशन आहे. तरी कर्जदाराचं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू येतं. अकूस्टिक काच बसवली तर थांबेल का?

उत्तर : आधी वर बघा. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबलं असेल, तर बोलणं टाइल्समधून वर जातं, स्लॅबखालच्या पोकळीतून पलीकडे उतरतं. पार्टिशनच्या बरोबर वर, सीलिंगपासून स्लॅबपर्यंत, दोन्ही बाजूंना १२.५ मि.मी. जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये ५० मि.मी. रॉकवूल भरून बंद पट्टी उभी करा. एसीचा डक्ट किंवा वायरचा ट्रे तिच्यातून जात असेल, तर भोवतीची जागा सीलंटने भरा.

मग दार. फ्लोअर स्प्रिंगवरच्या बिनचौकटीच्या काचेच्या दाराला सगळीकडून तीन ते पाच मि.मी. फट असतेच, खाली त्याहून जास्त. चौकटीचं दार, तिन्ही बाजूंना रबर आणि दार मिटताच खाली उतरणारी सीलची पट्टी, एवढं केल्याशिवाय काच बदलू नका. टफन केल्याने काच मजबूत होते, आवाज अडवण्याची ताकद तेवढीच राहते. कर्जदाराची अडचण चार माणसांच्या कानावर जाऊ नये, ही तुमची काळजी रास्त आहे, आणि ती बहुतेक या दोन कामांतच मिटेल.

हॉलमध्ये काउंटरवरचं बोलणं घुमत असेल, तर तो वेगळा आजार. काच, कुठलीही असो, आवाज परत फेकते. त्याला छताला आणि भिंतींना आवाज शोषणाऱ्या टाइल्स लागतात.

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये पोटमाळ्यावर सुपरवायझरची काचेची केबिन आहे. दुहेरी काच लावूनही धडधड येते.

उत्तर : ती धडधड हवेतून नव्हे, लोखंडातून येते. पोटमाळ्याचे खांब आणि प्रेसचा पाया एकाच काँक्रीटच्या लादीवर असतील, तर काच कितीही चांगली असली तरी केबिनची जमीनच वाजते. प्रेसखाली तिच्या वजनाला साजेसे कंपनरोधक पॅड घाला आणि केबिनच्या तळाच्या चॅनलखाली रबराची पट्टी. बोल्टलाही रबरी बुश हवेत. नाहीतर बोल्ट तो सगळा ठोका वर नेतो.

प्रश्न : टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ आमचा क्लास आहे. खिडक्या घट्ट केल्या, गाडीचा आवाज कमी झाला, पण तासाभरात मुलं पेंगतात.

उत्तर : फटींतून आवाजाबरोबर हवाही येत होती, ती थांबली. साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. माणशी मिनिटाला १५ घनफूट ताजी हवा धरा. चाळीस मुलांना ६०० घनफूट. तेवढा पंखा रेल्वेच्या विरुद्ध बाजूला बसवा आणि हवा आतून फोमचं अस्तर लावलेल्या, निदान एक काटकोनी वळण असलेल्या डक्टमधून आत घ्या. आत आलेली हवा बाहेर जायलाही तसाच अस्तराचा मार्ग ठेवा.

प्रश्न : खानापुरात दवाखान्याला लॅमिनेटेड काचा लावल्या. दोन पावसाळ्यांत खालच्या कडा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. दुसरं, आम्हाला दिलेली काच खरंच अकूस्टिक आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : काचेची खालची कड पाण्यात उभी आहे. काचेखाली कडक रबराचे दोन ठोकळे, लांबीच्या चौथ्या भागावर एकेक, असायला हवेत, म्हणजे कड फ्रेमच्या तळाला टेकत नाही. तळाला पाणी बाहेर जायची भोकं हवीत; गिलाव्याच्या वेळी ती हमखास बुजतात. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल तर तेही कारण : त्यातलं आम्ल पीव्हीबीच्या कडेला खातं. न्यूट्रल सिलिकॉनच मागा. पांढरी झालेली कड पुन्हा स्वच्छ होत नाही, पण पाणी थांबवलं तर ती आत वाढायची थांबते.

ओळखण्याबद्दल : साधा आणि अकूस्टिक पीव्हीबी डोळ्यांनी सारखेच दिसतात. १.५२ मि.मी. जाड पीव्हीबी म्हणजे अकूस्टिक, असंही नाही. ऑर्डर देतानाच काचेच्या दोन्ही जाड्या, पीव्हीबीची जाडी, त्याचं नाव आणि 'अकूस्टिक' हा शब्द लिहून घ्या, नेमक्या त्याच रचनेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि बिलावरचं वर्णन ऑर्डरशी जुळवूनच उरलेली रक्कम द्या. मापं दोनदा घ्या : टफन केलेली लॅमिनेटेड काच जागेवर कापता येत नाही.