पुतणीला पाच वर्षांच्या एलएल.बी.ला घालू का, असं विचारणाऱ्या काकांना

प्रश्न असा आहे : "पुतणी बारावी झाली. पुण्यातल्या एका खासगी लॉ स्कूलला बी.ए. एलएल.बी. किंवा बी.बी.ए. एलएल.बी. करायचं म्हणते. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. तिथे कोणत्या डिग्र्या असतात, काय शिकवतात, आणि एवढी फी भरण्यात अर्थ आहे का? भावाला काय सांगू?"

शेवटचे तीन शब्द नसते तर मी हे लिहायलाच बसले नसते. मी सावद्याची. २०१० साली मी बारावी झाले तेव्हा माझ्याही काकांनी माझ्या बापाला काय सांगायचं ते सांगितलं होतं. त्यावर येतेच.

आधी डिग्र्यांचं उरकते. बी.ए. एलएल.बी. आणि बी.बी.ए. एलएल.बी. यांत फरक फक्त कायद्याबाहेरच्या विषयांचा. एकीकडे राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र. दुसरीकडे मॅनेजमेंट, अकाउंट्स, मार्केटिंग. कायदा दोन्हीकडे तोच, कारण सक्तीचे विषय बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ च्या नियमांत ठरवून दिलेत. कॉलेज कितीही चकचकीत असलं तरी करार, घटना, पुरावा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया शिकवाव्याच लागतात. दहा सेमिस्टर. 'ऑनर्स' म्हणजे एका गटातले आठ जादा पेपर. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळवायला त्याची गरज नाही. ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांची एलएल.बी. केली तरी सनद तीच, काळा कोटही तोच. एलएल.एम. पुढचं पुढे, आत्ता त्याचा विचारही नको. एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत : पाच वर्षांच्या कोर्समधून तिसऱ्या वर्षी 'बी.ए. तरी द्या' म्हणून बाहेर पडता येत नाही. नियमच तसा आहे. पोरीचं मन दुसऱ्या वर्षाला उडालं तर हातात काहीच नाही.

बी.बी.ए. घेतलं की कंपनीत नोकरी लागते, हा निव्वळ गैरसमज आहे. माझ्या बॅचमधली जी मुलं मोठ्या फर्ममध्ये लागली ती इंटर्नशिपच्या आणि इंग्रजीच्या जोरावर लागली. त्यातल्या निम्म्यांचे बाप आधीच वकील किंवा सीए होते.

आता माझं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. फी, होस्टेल, मेस धरून पाच वर्षांचे साडेआठ लाख होत होते. बँकेचं शैक्षणिक कर्ज तेव्हा चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळायचं, त्यावर साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागायचा. वडिलांनी सहा लाखांचा अर्ज केला आणि सहीसाठी काकांकडे गेले. काका म्हणजे वडिलांचे सख्खे थोरले भाऊ, वीस एकर केळीवाले. त्याच्या तीनच वर्षं आधी त्यांच्या मुलाच्या खासगी इंजिनिअरिंगच्या कर्जाला जामीनदार कोण होतं? माझे वडील. एका शब्दाने न विचारता सही केली होती. आता काका ओट्यावर बसून म्हणाले, "वकिलीले इतले पैसे? आपल्या इथले वकील तं कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसतात. अन् पोरगी उद्या लग्न होऊन जाईन, मंग हप्ते कोन भरीन?"

वडील काही बोलले नाहीत. चहा पिऊन आले. सही शेवटी भुसावळच्या मामांनी केली. ते रेल्वेत होते, त्यांच्या पगारपत्रकावर बँक खूश.

म्हणून सांगते, तुम्ही इथे अनोळखी लोकांना विचारताय हे चांगलंच आहे, पण तुमच्या मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी विचारलं होतं का? मुलगा नसेल तर माफ करा. असेल तर तो किती घेऊन शिकला आणि आता काय करतो तेही मांडा शेजारी. आमचा इंजिनिअर सध्या केळीचे खोके पुरवतो. उत्तम धंदा आहे, मी हसत नाही. फक्त त्याचे पैसे 'वाया गेले' असं आमच्या घरात अजून कोणी म्हटलेलं नाही.

बरं, लॉ स्कूलने मला काय शिकवलं? खरं सांगते, माझी बाजू लंगडी पडली तरी.

२०१५ ला सनद घेतली आणि रावेरला एका सीनिअरांकडे लागले. पुण्यामुंबईत का नाही राहिले, तो वेगळा विषय. दुसऱ्याच महिन्यात सीनिअर जळगावला गेलेले, आणि एका बांधाच्या दाव्यात आम्ही प्रतिवादीकडून. समोरच्याने निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज टाकलेला. पुकारा झाला, मी उभी राहिले. जजसाहेबांनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं, "से?"

मला वाटलं, बोला म्हणतायत. मी सुरू केलं. इंग्रजीत. 'मे इट प्लीज युवर ऑनर' पासून. तात्पुरत्या मनाईचे तिन्ही निकष, वर दोन निवाडे. दीडेक मिनिट कोणी अडवलं नाही. मग मागच्या बाकावरून हसू फुटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, लेखी से द्या. आणि मराठीत बोललात तरी चालेल." आमच्याकडे 'से' म्हणजे समोरच्या अर्जावरचं लेखी म्हणणं, हे पाच वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, १९९८ पासून तसा शासनाचा आदेश आहे, तेही माझ्या डोक्यात नव्हतं. सीनिअरांचे कारकून अण्णा, दहावी पास, यांनी कोऱ्या कागदावर मुदतीचा अर्ज लिहून माझ्यापुढे सरकवला. फक्त सही केली. पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, कशी लिहायची, वकीलपत्रावर तिकीट कुठे लावायचं, सातबारावरचा 'इतर हक्क' आधी का वाचायचा, फेरफाराच्या नोंदी उलट्या क्रमाने कशा शोधत जायच्या, हे सगळं अण्णांनी शिकवलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मला त्र्याहत्तर मार्क होते. सातबारा वाचता येत नव्हता.

नियमात खरं तर सगळं आहे. शंभर मार्कांचा एक प्रात्यक्षिक पेपरच आहे : अभिरूप न्यायालयाचे तीस, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहण्याचे तीस, पक्षकाराशी बोलणं आणि इंटर्नशिपची डायरी यांचे तीस, तोंडीचे दहा. आमच्या कॉलेजात खटला पाहण्याची डायरी मागच्या बॅचकडून खाली यायची, अक्षर बदलायचं फक्त. पाच वर्षांत वीस आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. ती मी मुंबईच्या फर्ममध्ये केली. स्वल्पविराम तपासले आणि झेरॉक्स काढल्या.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काका बरोबर होते. थांबा.

२०१६ च्या संक्रांतीला घरी गेले तर काका गप्प गप्प. काकू म्हणाली, दिल्लीच्या व्यापाऱ्याचा चेक परत आला. तीन लाख चाळीस हजार. केळी ट्रक भरून आझादपूरला गेली, खाल्ली गेली, पैसा नाही. काका त्यांच्या नेहमीच्या वकिलांकडे गेले होते. ते म्हणाले, नोटीस पाठवू, पण केस दिल्लीला जाऊन करावी लागेल. दिल्लीला तारखा कोण करणार? काकांनी पैसे सोडल्यात जमा केले होते. बँकेचा मेमो येऊन बावीस दिवस झालेले, आणि चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस तीस दिवसांत जावी लागते.

त्या वकिलांना मी अडाणी म्हणणार नाही. १ ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टाने दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात तेच सांगितलं होतं : चेक ज्या बँकेवर काढलाय ती बँक जिथे, तिथेच तक्रार. शेवटच्या वर्षाला आमचं मूट, म्हणजे अभिरूप न्यायालय, नेमकं याच मुद्द्यावर होतं. मी चेक देणाऱ्याच्या बाजूने उभी होते आणि हरले. महिनाभर तो निवाडा उशाशी घेऊन झोपले असेन. परीक्षा संपली आणि जून २०१५ मध्ये वटहुकूम आला. सगळं उलटलं. चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तक्रार त्या हद्दीत. डिसेंबरात कायदाही झाला. काकांचं खातं सावद्यात, म्हणजे कोर्ट रावेर.

त्या रात्री काकांच्याच ओट्यावर बसून नोटीस लिहिली. त्याच ओट्यावर. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेली. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, त्यापुढच्या महिन्याच्या आत तक्रार दाखल. समन्स बजावायला वेळ गेला, पण व्यापारी स्वतः रावेरला आला, तिसऱ्या तारखेला तडजोडीवर आला आणि दोन हप्त्यांत पैसे दिले. सगळं मिळून सव्वा वर्ष.

काकांनी मला दोन घड केळी दिली. फी विचारली नाही, मीही मागितली नाही. वर म्हणाले, "ते तं मोबाईलवर बी सापडलं असतं." यात तथ्य नाही असं नाही. पण मोबाईल त्यांच्याकडेही होता आणि त्यांच्या वकिलांकडेही. कायदा बदलला असेल का, ही शंकाच दोघांना आली नाही. ती शंका यायची सवय मला त्या कॉलेजने लावली. साडेआठ लाखांत तेवढंच मिळालं असेल कदाचित. काकांशी हा वाद अजून संपलेला नाही, दर दिवाळीला थोडा पुढे सरकतो.

खासगी लॉ स्कूलशिवाय माणूस पुढे जात नाही असंही समजू नका. उज्ज्वल निकम जळगावातच कायदा शिकले, जळगावच्याच कोर्टात उभे राहिले. हे उदाहरण आमच्या काकांचं आवडतं, दर वेळी तोंडावर फेकतात. मी म्हणते, निकम एक. जळगावातूनच एलएल.बी. होऊन कोट कपाटात टांगलेले किती, ते मोजा.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. पुतणीला कुठे वकिली करायची आहे ते तिला विचारा, तुम्ही ठरवू नका. कंपनी, फर्म, हायकोर्ट म्हणत असेल तर पुण्याचं वातावरण आणि इंग्रजी कामाला येतं. रावेर, यावल, चोपड्याला बसायचं असेल तर एवढी फी नको. जज व्हायचं म्हणत असेल तर सांगा, मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. ती तीन वर्षं पोट भरायचा प्रश्न असतो. ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना पंधरा हजार द्यावेत अशी बार कौन्सिलने २०२४ मध्ये शिफारस केली. आमच्या तालुक्यात ती कोणी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही. हप्ता मात्र बँक शिफारशीने घेत नाही. शेत गहाण टाकून फी भरू नका, एवढं भावाला जरूर सांगा.

आणि हे खरं म्हणजे आधी लिहायला हवं होतं : खासगी म्हणजे सगळं एक नाही. विद्यापीठाशी संलग्न विनाअनुदानित कॉलेज वेगळं आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठाचं लॉ स्कूल वेगळं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश राज्याच्या सीईटीतून, कॅप राउंडने, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ते लागू नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. तुम्ही म्हणताय ते कॉलेज कोणत्या प्रकारचं, हे एका फोनवर कळेल, आणि उत्तरावर कदाचित सगळी फीच अवलंबून आहे. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. राज्याच्या लॉ सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा पुण्याचं ठरलं असलं तरी ती द्यायलाच लावा.

तिला एखादा महिना रावेरला आमच्याकडे इंटर्नशिपला पाठवा. मे महिन्यात नको, दिवाणी कोर्टांना सुट्टी असते. जूनमध्ये पाठवा. अण्णा अजून येतात, सातबारा ते शिकवतील. 'से' मी सांगेन. मेसेज तिलाच करायला सांगा, तुम्ही करू नका.